दिमित्रिओस हे ग्रीक नाव मराठी घरात परके ठरेल का?

दिमित्रिओस या नावाचा उगम काय आणि मराठी मुलाला ते ठेवल्यास परके वाटेल का, असे आपण विचारले आहे. देमेतर ही धान्याची आणि शेतीची प्राचीन ग्रीक देवी. तिचा, म्हणजे तिला वाहिलेला, तो दिमित्रिओस. ख्रिस्ती धर्म आल्यावर देवी मागे पडली, पण नाव टिकले, कारण चौथ्या शतकाच्या आरंभी ग्रीसमधील थेसालोनिकी शहरात हुतात्मा झालेल्या संताचेही नाव तेच होते. २६ ऑक्टोबरला त्याचा सण असतो आणि त्या दिवशी घरोघरच्या दिमित्रिओसांना शुभेच्छा दिल्या जातात.

परकेपणाविषयी मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे. माझ्या बहिणीचे सासर थेसालोनिकीचे. तिकडे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची रीत असल्याने भाचा दिमित्रिओस झाला; चुलतभावाचेही नाव तेच, म्हणून एकाला दिमित्रिस आणि दुसऱ्याला मित्सोस म्हणतात. नाशिकला हे कळताच आमच्या थोरल्या काकांनी, स्वतःच्या नातवाला पणजोबांचे नाव हौसेने ठेवलेले असूनही, ‘या नावाचा आपल्या मातीशी काय संबंध?’ असे विचारून बहिणीला फोनवर रडवले.

संबंध काकांच्या घरापासून फार लांब नाही. पांडवलेणीतल्या सतराव्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे: उत्तरेकडील दात्तामित्रीचा रहिवासी, धर्मदेवाचा पुत्र, यवन (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) इंद्राग्निदत्त याने मातापित्यांप्रीत्यर्थ हे लेणे खोदविले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिंदुकुश ओलांडून आलेल्या बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागातील ग्रीक राज्याच्या) दिमित्रिओस राजाच्या नावावरूनच हे दात्तामित्री नगर ओळखले जाई, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच लेखात दात्याच्या मुलाचे नाव धर्मरक्षित असे आले आहे. यवनाने आपल्या मुलाला इथले नाव ठेवलेले चालते आणि आमच्या भाच्याला त्याच्या सख्ख्या आजोबांचे चालत नाही, हा न्याय मला आजही पटलेला नाही. काकांना मी हे लेण्यातच उभे राहून सांगितले. त्यांनी पायऱ्या किती चढाव्या लागल्या, एवढेच ऐकवले.

दात्तामित्रीची ही ओळख अनुमानाने ठरलेली आहे, हे नमूद करायला हवे. शिवाय आपले ग्रीसशी काही नाते नसेल, तर केवळ वेगळेपणासाठी हे नाव ठेवू नये. शाळेत त्याचे दिमित्री होईल आणि मुलाला सगळे रशियन समजतील. नाते असेल, तर नाव आधी नोंदवून टाका आणि मगच वडीलधाऱ्यांना बारशाचे आमंत्रण द्या.