घराजवळ चांगलं दुकान असलं की घरातलं खाणं आपोआप हेल्दी होतं का?

आपोआप नाही होत. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास 2019 मध्ये आला, त्यात दिसलं की गरीब वस्तीजवळ नवीन सुपरमार्केट उघडलं तरी लोकांच्या पिशवीतलं सामान फारसं बदललं नाही, कारण बरेच जण आधीही लांबच्या सुपरमार्केटला जातच होते. गरीब-श्रीमंतांच्या खाण्यात जो फरक आहे त्यात दुकानं आणि किमती यांचा वाटा साधारण 10 टक्केच निघाला.

पण म्हणून अंतराला काही महत्त्वच नाही असं अजिबात नाही हां. ज्याच्याकडे गाडी नाही, गुडघे दुखतात, दोन्ही हातात पिशव्या घेऊन बस पकडायचीय तो माणूस सारखा थोडीच जाणार, मग एकदाच जाऊन टिकेल तेच घेतो, पालेभाजी दोन दिवसांत सुकते म्हणून पाकीटबंद माल भरतो. अशा घरांना जवळच्या दुकानाची खरंच गरज असते. आणि शिजवायला वेळच नसेल तर दुकान जिन्याखाली असूनही काय उपयोग?

मला तरी सवलत जास्त कामाची वाटते. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात 2011-12 ला अन्नासाठी सरकारी मदत घेणाऱ्यांना फळं-भाज्यांवर डॉलरमागे 30 सेंट परत दिले, तर त्यांचं फळं-भाज्या खाणं साधारण 26 टक्के जास्त भरलं.