कमोडोर ६५ घेताय? आधी हे वाचा

पहिलाच जुना संगणक म्हणून थेट कमोडोर ६५ घ्यायचं मनात असेल, तर जरा थांबा. हे मॉडेल दुकानात कधी आलंच नाही. १९९० च्या सुमारास कमोडोर कंपनीच्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाचा वारस म्हणून ते घडत होतं: १२८ केबी मेमरी, साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह आतच, आवाजासाठी दोन सिड चिप. १९९१ मध्ये कंपनीने काम गुंडाळलं. १९९४ मध्ये कंपनीच बुडाली, तेव्हा गोदामातले नमुने विकले गेले आणि बाहेर पडले. म्हणून आज किंमत लाखांत.

हे नमुने एकसारखे नाहीत. कुणाचा रॉम (मशीनमधला कायमचा सॉफ्टवेअर) जुना, कुणाचा नवा. काही बोर्डांवर काही चिपच नाहीत. विक्रेत्याकडे मशीन सुरू होतानाचा व्हिडिओ मागा, नुसत्या फोटोवर जाऊ नका. आतले फोटोही हवेतच.

हातात आलं की लगेच प्लग लावायची घाई नको. आधी पॉवर सप्लायचे व्होल्टेज मल्टिमीटरने तपासा. ईप्रॉमवरचा, म्हणजे रॉम ज्या चिपमध्ये साठवलेला असतो तिच्यावरचा, मळका स्टिकर तर अजिबात सोलू नका! त्याखाली काचेची खिडकी असते, अतिनील प्रकाशाने डेटा पुसला जातो. त्या रॉमची प्रत सगळ्यात आधी काढून ठेवा. तुमची आवृत्ती कदाचित इतर कुणाकडे नसेलही.

आणि नुसतं बेसिक १०.० (या मशीनची प्रोग्रॅमिंग भाषा) खेळून बघायचं असेल, तर एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, त्याच मशीनच्या धर्तीवर नव्याने बनवलेलं मेगा६५ आहे. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली असती.