अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि त्यांची राज्यघटना एकच का? नसेल तर फरक काय?

एकच नाहीत हो. दोन्हींत ११ वर्षांचं अंतर आहे आणि मधे एक अख्खा फसलेला प्रयोग आहे ज्याचं नाव पण कोणी काढत नाही. पण तुमचा गोंधळ साहजिक आहे, मी न्यू जर्सीत इतकी वर्षं राहून सिटिझनशिपचा अभ्यास करेपर्यंत दोन्ही एकच समजत होतो. (माझ्या वेळी १०० प्रश्न असायचे, ऑफिसर त्यातले १० तोंडी विचारणार, ६ बरोबर आले की पास. बायको कोथिंबीर निवडता निवडता प्रश्न विचारायची आणि मी अडकलो की पाचवीतला पोरगा उत्तर देऊन मोकळा.)

जाहीरनामा म्हणजे ४ जुलै १७७६. ब्रिटनपासून वेगळं होताना काढलेला, भाऊबंदकीत वेगळं निघताना गावभर वाटलेलं पत्रक समजा. ते 'सगळी माणसं समान' वालं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण पुढे वाचलं तर मोठा भाग ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या तक्रारींचाच आहे, आमची संमती न घेता कर लावले, शांततेच्या काळात आमच्यात फौज आणून ठेवली, न्यायाधीशांचे पगार स्वतःच्या मुठीत ठेवले वगैरे. मसुदा थॉमस जेफरसनचा (पुढे प्रेसिडेंट झाला तोच), आणि त्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते हेही लक्षात ठेवा. राज्य कसं चालवायचं याबद्दल त्यात काही नाही, तो कायदाच नाही.

आता मधला प्रयोग. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे तेव्हाच्या १३ राज्यांचा आपसातला करार, १७८१ पासून लागू. अशी सोसायटी डोळ्यासमोर आणा जिथे मेंटेनन्स ऐच्छिक आहे आणि नियम बदलायचा तर १३ च्या १३ फ्लॅटवाल्यांची सही लागते. केंद्राला कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे मागायचे, दिले तर दिले. आयात मालावर थोडा कर घेऊ द्या म्हणाले तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय संपला. मग वॉचमनचा पगार थकल्यावर जे होतं तेच झालं, जून १७८३ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) बसायची ती इमारत घेरली आणि ही मंडळी तिथून निघून थेट आमच्या न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला आली. तिथल्या नासाऊ हॉलमध्ये काही महिने देशाचा कारभार चालला. इंडियातून कोणी आलं की मी त्यांना तिथे फिरायला नेतो, कित्येक वर्षं फोटो काढले पण ही बिल्डिंग कशासाठी प्रसिद्ध आहे ते मलाच माहीत नव्हतं!

तर १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लोक जमले ते खरं तर या आर्टिकल्सची डागडुजी करायला. बाहेर काही फुटू नये म्हणून दारं खिडक्या बंद, त्या उकाड्यात, आणि सप्टेंबरमध्ये बाहेर आले ते नवीनच घटना घेऊन. चार मोठी पानं, ३९ सह्या. जाहीरनामा मंजूर झाला तीच ही खोली, त्यामुळे पण लोकांची गल्लत होते.

घटनेत पहिलं कलम प्रेसिडेंटचं नाही, काँग्रेसचं आहे, आणि सगळ्यात लांब तेच. एकूण रोख असा की कोणावरच पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, काँग्रेसने केलेलं बिल प्रेसिडेंट अडवणार, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की त्याचा नकार पण रद्द. गुलामगिरी मात्र शब्द न वापरता चालू ठेवली, काँग्रेसमधल्या राज्यांच्या जागा लोकसंख्येवर ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला, ते निस्तरायला यादवी युद्ध आणि १८६५ ची १३ वी दुरुस्ती लागली.

बिल ऑफ राइट्स, म्हणजे नागरिकांच्या हक्कांची यादी, ही घटनेच्या पहिल्या १० दुरुस्त्या, १७९१. हे मला सगळ्यात भारी वाटतं, कारण राज्यांकडे पाठवलेल्या १२ होत्या. उरलेल्या दोनपैकी एक, खासदारांच्या पगाराची, तशीच पडून राहिली आणि १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने पेपर लिहिला की ही अजून मंजूर होऊ शकते. त्याला सी ग्रेड मिळाली. चिडून त्याने राज्याराज्यांत पत्रं पाठवायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये ती २७ वी दुरुस्ती म्हणून लागू झाली! तेव्हापासून एकही नाही. आपल्याकडे शंभराच्या वर झाल्या, इथे ५० पैकी ३८ राज्यं हो म्हणायला लागतात.

वॉशिंग्टनला गेलात तर नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाहीरनामा, घटना आणि बिल ऑफ राइट्स तिन्ही एकाच अंधाऱ्या हॉलमध्ये काचेखाली आहेत. जाहीरनामा जवळजवळ पुसलाय, कारण एकोणिसाव्या शतकात तो पस्तीसेक वर्षं खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगला होता. घटना मात्र अजून चक्क वाचता येते. शेवटच्या पानावर सह्यांपाशी पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये एक एन कमी आहे, पोराने शोधून दाखवला.