वाचक विचारतात: इटलीतला कोदिचे फिस्काले, आपलं नाव आणि ते सोळा खाने

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयावरची आहेत, इटलीचा टॅक्स कोड, म्हणजे कोदिचे फिस्काले. मी इथे अकरा वर्षं राहतेय आणि या एका कोडपायी किती लोकांची झोप उडते ते जवळून बघितलंय, म्हणून तिन्हींची उत्तरं एकत्र देतेय.

प्रश्न १ : ताई, मी सांगलीची, सप्टेंबरपासून तोरिनोला मास्टर्स करायला चाललेय. घरमालकीण म्हणते कोदिचे फिस्काले दे मगच अ‍ॅग्रीमेंट. एक एजंट कोड काढून द्यायचे आठ हजार रुपये मागतोय आणि एका वेबसाइटवर नाव-जन्मतारीख टाकली तर दोन सेकंदात कोड आला पण! मग तोच दिला तर चालेल का? शिवाय पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर मी फक्त माझं नाव आणि आडनाव लिहिलंय. त्याने काही बिघडेल का?

उत्तर : अगं, पहिलं म्हणजे एजंटला एक रुपया देऊ नकोस. हा कोड फुकट मिळतो. इटलीचं जे टॅक्स खातं आहे, अजेन्झिया देल्ले एन्त्राते, ते देतं. तिथे ए-ए ४/८ नावाचा फॉर्म भरायचा, पासपोर्ट आणि त्यावरचा व्हिसा दाखवायचा, झालं. मार्का दा बोल्लो म्हणजे तो १६ युरोचा स्टॅम्प लागतो असं कुणी सांगितलं तर तो राहण्याच्या परवान्याला लागतो, पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोला, या कोडला नाही. लोक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात. परवान्याचा अर्ज आपण इटलीत पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन करायचा असतो, ते वेगळं प्रकरण आहे, आणि कोडसाठी परवाना हातात यायची वाट बघायची गरज नाही, पासपोर्ट आणि व्हिसावर काम होतं. निघायच्या आधीच हवा असेल तर मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटमधूनही मागता येतो, व्हिसाच्या वेळीच विचारून घे. आणि युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला एक ईमेल टाकून ठेव, पुष्कळ ठिकाणी ते स्वतः मदत करतात.

आता वेबसाइटचं. कोड कसा बनतो ते एकदा समजून घे म्हणजे तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतील. आपल्या पॅनमध्ये दहा खाने असतात, यात सोळा. पहिले तीन आडनावातली व्यंजनं, पुढचे तीन नावातली, मग जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर, मग तारीख, आणि बाईमाणूस असेल तर तारखेत ४० मिळवतात, म्हणजे १२ तारखेची मुलगी ५२ होते. नंतर जन्मगावाचा कोड, इटलीबाहेर जन्मलेल्यांना देशाचा, भारताचा झेड २२२. शेवटचं अक्षर आधीच्या पंधरांवरून हिशोब करून येतं.

तुझं नाव छापत नाही, समजा तू नेहा पाटील आहेस, जन्म १२ मार्च २००२. पाटीलचे पी टी एल, तिथे काही भानगड नाही. (आडनावात व्यंजनं कमी पडली तर स्वर घेतात, आमच्या ओळखीच्या ओकांचं के ओ ए झालंय, ओळखू पण येत नाही.) खरी मेख नावात आहे. नुसतं नेहा धरलं तर व्यंजनं दोनच, एन आणि एच, म्हणून स्वर जोडून एन एच ई. पण पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये नेहा विजय असं असेल तर इथे ते सगळं मिळून एकच नाव धरतात, मग व्यंजनं झाली पाच, आणि चार किंवा जास्त असली की पहिलं, तिसरं आणि चौथं घ्यायचं असा नियम आहे, म्हणजे एन व्ही जे. बघ, माणूस एकच, पासपोर्ट एकच, आणि बाबांचं नाव लिहिलं की नाही एवढ्यावरून कोड दोन!

म्हणून त्या वेबसाइटचा कोड कुठेही देऊ नकोस. एकतर तू तिथे नाव कसं टाकलंस त्यावर तो अवलंबून, आणि दुसरं म्हणजे दोन माणसांचे पहिले पंधरा खाने तंतोतंत सारखे येऊ शकतात, तेव्हा टॅक्स खातं एखाद्या आकड्याच्या जागी अक्षर घालून दोघांना वेगळं करतं, ते वेबसाइटला कुठून कळणार. इटालियन माणसाला त्याच्या गावाचा कोड असतो, आपण मात्र सांगली काय नि सिलिगुडी काय सगळेच झेड २२२, त्यामुळे पाटील-शर्मा मंडळींचे कोड एकमेकांवर आदळायची शक्यता जरा जास्तच. खात्याने दिलेला तोच खरा. तो बरोबर आहे का हे त्यांच्या स्वतःच्या साइटवर तपासता येतं.

अ‍ॅडमिशनच्या लोकांना आजच कळव की नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण करा. इथून पुढे बँक, सिमकार्ड, घराचं अ‍ॅग्रीमेंट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच, बाबांच्या नावासकट लिही, लांबलचक वाटलं तरी.

आणि काउंटरवरून उठायच्या आधी कागद वाच. हे मी कळकळीने सांगतेय कारण माझ्या बाबतीत घडलंय. माझं माहेरचं आडनाव देशमुख, पासपोर्टवरही तेच. इटालियनमध्ये एच बोलताना गिळतात, त्याला आवाजच नाही, त्यामुळे टाइप करणाऱ्या बाईंनी मधला एच सोडून दिला. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, तुत्तो ओके म्हणाल्या, मागे लाइन होती, मी सी सी, म्हणजे हो हो, म्हणून बाहेर पडले. बसस्टॉपवर बसून बघितलं तर डी एस एच च्या जागी डी एस एम. परत गेले तर म्हणे आता अपॉइंटमेंट घेऊन या, ती मिळाली तीन आठवड्यांनी, आणि तोवर बँकेने खातं उघडलं नाही आणि पहिला पगार अडकून राहिला. घरभाडं मैत्रिणीकडून उसनं घेऊन दिलं होतं, ते दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी नाव सांगते ते प्रत्येक अक्षराला एक शब्द घेऊन, बहुतेक गावांची नावं, इथे फोनवर सगळे असंच सांगतात. दोमोदोस्सोला, एम्पोली, सावोना, होटेल, मिलानो, उदिने, कप्पा, होटेल. झालं देशमुख. तू पण तुझं आडनाव असं पाठ करून ठेव, आणि फॉर्म कॅपिटलमध्ये भर.

प्रश्न २ : नमस्कार. मुलगा बोलोन्याला नोकरीला लागला. त्याचं नाव आदित्य. त्याने कोडचा कागद फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाढदिवस ७ तारखेला असून कोडमध्ये ४७ दिसतंय. तो म्हणतो बाबा त्यांची काहीतरी सिस्टिम असेल, सोडा. सोडावं का?

उत्तर : काका, अजिबात सोडू नका, तुमची नजर अगदी बरोबर पडलीय. वर लिहिलंय तेच, बायकांच्या तारखेत ४० मिळवतात. म्हणजे सरकारच्या रेकॉर्डला तुमचा मुलगा बाई म्हणून लागलाय. इथे ज्या नावाच्या शेवटी आ येतो ते बाईचं असा साधारण समज, मारिया, जुलिया, फ्रांचेस्का. लुका आणि आंद्रेआ ही पुरुषांची नावं आहेत पण ती त्यांच्या सवयीची. आदित्यचं स्पेलिंग ए ने संपतं, पासपोर्टवर एम छापलेलं असूनही कुणीतरी घाईत एफ वर टिचकी मारली असणार.

आज ते किरकोळ वाटेल पण पुढे पगार, दवाखान्याचं कार्ड, टॅक्स रिटर्न सगळं याच कोडवर चढतं, आणि परवान्यावर पुरुष नि कोडमध्ये बाई असं झालं की कुठलीतरी सिस्टिम त्याला उभंच करणार नाही. त्याला म्हणावं पासपोर्ट आणि तो कागद घेऊन जा, त्याच ए-ए ४/८ फॉर्मवर दुरुस्तीचाही पर्याय असतो, पैसे पडत नाहीत. दुरुस्त झाला की नवीन कोड कंपनीच्या एचआरला, बँकेला आणि घरमालकाला, तिघांनाही लेखी कळवायचा. बँकेला कळवायचं लोक हमखास विसरतात.

आणखी दोन गोष्टी, रागावू नका. ग्रुपवरचा तो फोटो डिलीट करायला सांगा, पॅनवरून जन्मतारीख कळत नाही पण या कोडवरून ज्याला वाचता येतं त्याला तारीख, महिना, वर्ष, देश सगळं कळतं. आणि मुलाला विचारा, बिल्डिंगखालच्या लेटरबॉक्सवर आणि बेलवर त्याचं नाव चिकटवलंय का? आरोग्यसेवेत नाव नोंदवलं की तेस्सेरा सानितारिया हे निळं कार्ड पोस्टाने येतं, त्यावरच कोड असतो, आणि इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. साधा कागद लिहून सेलोटेपने चिकटवला तरी चालतो.

प्रश्न ३ : मी मूळचा मडगावचा, जन्म १९८८ चा, आता पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मिलानला काम मिळतंय. माझ्या कोडमध्ये पोर्तुगाल येणार की इंडिया?

उत्तर : इंडियाच येणार, झेड २२२. कोड नागरिकत्व बघत नाही, जन्म कुठे झाला तेवढंच बघतो. पोर्तुगालचा कोड दिसला तर तो चुकीचा समजा आणि तिथल्या तिथे सांगा, कारण पासपोर्टचं कव्हर बघून समोरचा माणूस पोर्तुगाल टाकायची शक्यता असते. तुम्ही युरोपियन युनियनचे नागरिक, त्यामुळे व्हिसा आणि पेर्मेस्सो दोन्ही लागत नाहीत, ओळखपत्र दाखवून कोड मिळेल. फक्त एक करा, पोर्तुगीज कागदांवर तुमचं नाव जुन्या भारतीय पासपोर्टपेक्षा लांब झालं असेल, आईचं आडनाव वगैरे जोडून, तर इथे सगळीकडे पोर्तुगीज पासपोर्टवरचंच नाव द्या. जुन्या नावाची डिग्री दाखवायची वेळ आली तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं सांगणारा कागद लागेल, तो निघायच्या आधी गोव्यातूनच करून घ्या, इथे बसून ते काम करणं फार जड जातं.