पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या आधीचा भाग) चोंदला आहे, हे कसे ओळखावे?

उभी असताना सुरळीत चालणारी गाडी चढावर किंवा वेग वाढवताना दम टाकत असेल, तर ही शंका रास्त आहे. मात्र कमजोर झालेला इंधनपंपही हेच लक्षण दाखवतो, म्हणून केवळ अंदाजावर एवढा महागडा भाग बदलू नये. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून (इंजिन कोमट असताना तो सहज सुटतो) त्या जागी प्रेशर गेज लावावा आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरावे. दाब साधारण ३ पीएसआयच्या वर जात असेल, तर वायू बाहेर पडण्याचा मार्ग अडलेला आहे, मग अडथळा कन्व्हर्टरमध्ये असो वा पुढे सायलेन्सरमध्ये. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे) न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून आतील सिरॅमिक जाळी वितळते, त्यामुळे तो दोष आधी दुरुस्त केला नाही, तर नवा कन्व्हर्टरही तसाच जाईल.