स्कॅन केलेल्या पुस्तकाची ग्रंथालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या सूचीत) वेगळी नोंद करावी, की छापील प्रतीच्या नोंदीतच दुवा जोडावा?

वेगळी नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छापील प्रतीच्या मार्क नोंदीत (संगणकासाठी ठरलेल्या साच्यातील, क्रमांकित क्षेत्रांच्या ग्रंथनोंदीत) ८५६ क्षेत्रात दुवा दिला की वाचकाला पुस्तक उघडता येते, हे खरे. परंतु स्कॅन कोणी व कोणत्या प्रतीवरून केले, त्यात कोणती पाने गहाळ आहेत, ही माहिती डिजिटल प्रतीची असते आणि तिला स्वतःची जागा लागते. दोन्ही नोंदी ७७६ क्षेत्राने परस्परांना जोडता येतात.

खरा घोळ मात्र त्याआधीच झालेला असतो. मी काम करत असलेल्या ग्रंथालयात डिजिटायझेशनच्या प्रमुखांचे म्हणणे होते की, ओसीआरमुळे (स्कॅनमधील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या संगणकीय तंत्रामुळे) प्रत्येक शब्द शोधता येत असताना तालिकाकाराची गरजच उरत नाही. तेथील एका कापडी बांधणीच्या खंडात पाच स्वतंत्र पुस्तिका एकत्र बांधलेल्या होत्या. खंडाची एकच फाइल झाली आणि तिला पहिल्या पुस्तिकेचे शीर्षक मिळाले. चौथी पुस्तिका शोधणाऱ्या एका संशोधिकेला ती ऑनलाइन कोठेच सापडेना, तेव्हा मी ती फाइल पानोपान पाहिली. चौथीच्या शीर्षकपृष्ठावर वेलबुट्टीची चौकट होती, छपाईचे खिळे झिजलेले होते आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटली होती. लेखकाच्या नावाच्या जागी ओसीआरने सुटी अक्षरे आणि विरामचिन्हे टिपली होती. मी पाचही पुस्तिकांच्या स्वतंत्र नोंदी केल्या, प्रत्येकीत फाइलमधले आरंभीचे पान दिले आणि ७७३ क्षेत्राने त्या मूळ खंडाशी जोडल्या. प्रमुखांनी त्याला ‘अनावश्यक बारकावा’ म्हटले, ते मला आजही मान्य नाही. टोपणनावामागचा लेखक ओळखणे, एकाच नावाची निरनिराळी रूपे एकत्र आणणे हे काम प्राधिकृत नावांच्या नोंदी करतात. ओसीआरचा मजकूर कितीही शुद्ध असला तरी त्याने ते साधत नाही.

तुमच्याकडेही ‘आधी स्कॅन, नोंदी मागाहून’ असे सांगणारे कोणी असेल, तर खंड स्कॅनरवर चढण्यापूर्वी तालिकाकाराने तो उघडून पाहिलाच पाहिजे, असा आग्रह धरा. दुव्यात सर्व्हरवरील फाइलचा पत्ता न देता हँडल किंवा डीओआय (फाइल हलवली तरी न बदलणारा कायमचा ओळखक्रमांक) द्या.

एक पुस्ती जोडतो. मनुष्यबळ तुटपुंजे असेल आणि संग्रहात असे जोडखंड नसतील, तर छापील नोंदीत ८५६ जोडूनही भागते. फक्त त्याचा दुसरा निर्देशक (क्षेत्राच्या आरंभीच्या दोन सांकेतिक अंकांपैकी दुसरा) १ ठेवावा, म्हणजे दुवा त्याच पुस्तकाच्या डिजिटल रूपाचा आहे हे कळते.