एकच कार्यक्रम, चार वेळा

प्रिय दोस्ता,

पॉडकास्ट करायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. माईक विकत घेण्याआधी एक काम कर. तुला मनापासून आवडलेली अर्ध्या तासाची एक रेडिओ डॉक्युमेंट्री निवड आणि घड्याळ समोर ठेवून ती उसवायला बस.

पहिल्यांदा नुसती ऐक. लक्ष कुठे उडालं, तेवढी वेळ टिपून ठेव. दुसऱ्यांदा वहीत रकाने आख: वेळ, निवेदन, मुलाखतीतला आवाज, जागेचा आवाज, संगीत. काही बदललं की नोंद. कंटाळवाणं काम आहे, दोन तास सहज जातात, पण तक्ता भरला की कार्यक्रमाचा सांगाडा दिसू लागतो. जागेचा आवाज निवेदकाच्या दोन-तीन सेकंद आधी येतो, ऐकणारा तिथे पोचतो, मग तो आवाज हळूच खाली जातो आणि बोलणं सुरू होतं.

तिसऱ्यांदा फक्त जोड ऐक, म्हणजे एक आवाज संपून दुसरा सुरू होतो त्या जागा, आणि त्यांचा वेगळा रकाना आख. खरं कसब इथेच आहे. निवेदक म्हणाला, ‘त्या रात्री त्या फार घाबरल्या होत्या,’ आणि लगेच बाई म्हणाल्या, ‘मी फार घाबरले होते,’ तर बाईंचं वाक्य वाया गेलं. नाव, ठिकाण, साल निवेदकाने सांगावं. जे घडलं आणि जे वाटलं, ते ज्याचं त्याला सांगू द्यावं. १९५८ मध्ये बीबीसीवर निर्माते चार्ल्स पार्कर आणि लोकगायक इवान मॅकॉल व पेगी सीगर यांनी एका इंजिन ड्रायव्हरच्या मृत्यूवर कार्यक्रम केला. लोकांचं बोलणं नटांकडून वदवून घेण्याची तेव्हा रीत होती. त्यांनी रेल्वे कामगारांचे रेकॉर्ड केलेले आवाजच थेट वापरले. त्या आवाजांतले अडखळणं, श्वास आणि बोलीचा हेल नटाला लिहून देता आले नसते.

चौथी फेरी संगीताची. ते सुरू कुठे होतं यापेक्षा थांबतं कुठे, ते बघ. जाणते लोक महत्त्वाच्या वाक्याच्या जरा आधी संगीत काढून घेतात, म्हणून ते वाक्य उघड्यावर येतं. पूर्ण भागाखाली संगीत पसरलं की कान त्याला सरावतो आणि त्याचा उपयोगच संपतो.

आता रेकॉर्डिंग. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट आणि वेव्ह फाइल निवड. मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा; बोलण्याची सर्वांत उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू देत, कारण माणूस मध्येच खळखळून हसतो आणि फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. माईक तोंडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचा वारा थेट आत जाणार नाही. तो तुझ्याच हातात ठेव. पाहुण्याच्या हातात दिलास तर हातवाऱ्यांबरोबर आवाज जवळ-लांब होत राहील. हेडफोन काढू नकोस. फ्रिजची घरघर आपण दोन मिनिटांत विसरतो, माईक विसरत नाही. फ्रिज बंद केलास तर आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेव, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचं राहणार नाही.

तुझे प्रश्न पुढे कापले जाणार आहेत. ‘कधी?’ला ‘पंच्याऐंशी साली’ एवढंच उत्तर आलं तर ते कुठेच बसत नाही. पूर्ण वाक्यात सांगा, असं आधीच सांग. होकार मानेने दे, ‘हं हं’ करू नकोस.

उठण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड कर. नवशिके हेच हमखास विसरतात. वाक्यं कापून मध्ये कोरी पोकळी ठेवलीस तर पंखा अचानक बंद पडल्यासारखं ऐकू येतं. त्या फटीत त्याच खोलीची शांतता भरावी लागते. दुसऱ्या खोलीची चालत नाही.

एडिटिंगला बसण्याआधी सगळं बोलणं लिहून काढ आणि पहिली निवड कागदावर कर. कापताना श्वास सगळे उडवू नकोस. पुढच्या वाक्याआधीचा श्वास ठेव, फक्त दोन श्वास लागोपाठ येऊ देऊ नकोस. प्रत्येक जोडावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दे, म्हणजे पहिला आवाज विरत असतानाच दुसरा चढू दे, नाहीतर टिक्‌ वाजतं. दोन वाक्यं जोडून बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ निघत असेल, तर जोड कितीही गुळगुळीत असो, तो मोड.

शेवटी आवाजाची पातळी. युरोपातल्या रेडिओसाठी उणे २३ एलयूएफएस धरतात. हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. पॉडकास्ट बसमध्ये, रस्त्यावर ऐकला जातो, म्हणून स्टिरिओला उणे १६ ठेवायचा प्रघात आहे. मग भाग फोनच्या स्पीकरवर ऐक. संगीताखाली शब्द बुडाले असतील तर तिथे लगेच कळेल.

पहिल्या पाच मिनिटांचा तक्ता भरून झाला की पाठव. जोडांचा रकाना मी आधी बघेन.

तुझा,
एक जुना रेडिओवाला